थांबवण्याचा अधिकार (पाठ नववा)

काम करताना माणसाला इजा होऊ नये, याविषयी जगात कोठेही दुमत नाही. मतभेद आहे तो एवढाच, की त्यासाठी यंत्र सुधारावे की माणूस. यंत्र सुधारायचे तर ते आधी बंद करावे लागते. माणसाला मात्र चालू स्थितीत सुधारता येते. म्हणून सर्व प्रगत देशांनी विचारपूर्वक दुसरा मार्ग पत्करला आहे, आणि नॉर्वे हा तर अतिशय प्रगत देश आहे.

त्या देशाच्या उत्तर अंगाला लोमवॉय नावाचे बेट आहे. बेटावर एक चर्च, एक दुकान, एक धक्का आणि एक मासळीचा कारखाना आहे. महत्त्वाप्रमाणे क्रम लावायचा तर उलट वाचावे. हिवाळ्यात कॉड मासा किनाऱ्याला लागला की कारखाना दिवसरात्र चालतो. (सुरुवातीचे काही आठवडे तिथे दिवसाही अंधारच असल्यामुळे कामगारांची याबद्दल विशेष तक्रार नसते.)

कायद्याप्रमाणे कामगारांनी आपल्यातून एक सुरक्षा प्रतिनिधी निवडायचा असतो. ही निवड संपूर्ण लोकशाही मार्गाने होते: सभा भरते, आणि जो सभेला हजर नसतो तो एकमताने निवडून येतो. त्या साली राग्ना बाहेर धक्क्यावर उभी राहून बहिणीशी फोनवर दिराच्या दुसऱ्या लग्नाबद्दल बोलत होती. विषय मोठा होता. ती आत आली तेव्हा टाळ्या वाजत होत्या, म्हणून तिनेही वाजवल्या. कोणासाठी, ते तिला मागाहून कळले.

राग्ना पॅकिंगवर होती. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. कारखान्यातल्या गोंगाटावर मात करता करता तो आवाज असा काही तयार झाला होता की ती घरी कुजबुजली तरी शेजारच्यांना सल्ला मिळे. सुरक्षेविषयी तिची स्वतःची अशी काही मते नव्हती. तिने उत्पादनप्रमुख स्टाइनारला एकच प्रश्न विचारला.

"यात बसायला मिळतं का रे?"

"शिक्षण म्हणजे बसूनच की," स्टाइनार म्हणाला. दोघे एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलेले होते, त्यामुळे त्याला तिची दुखरी कंबर आणि तिला त्याच्या थापा चांगल्याच ठाऊक होत्या. तरीही तिने होकार दिला. कंबर जास्त दुखत होती.

प्रतिनिधीला चाळीस तासांचे प्रशिक्षण सक्तीचे असते. पूर्वी त्यासाठी माणसाला बोटीने शहरात पाठवत. तिथे तो आठवडाभर हॉटेलात राही, सकाळी शिके, संध्याकाळी इतर कारखान्यांतल्या लोकांबरोबर गप्पा मारी आणि बऱ्याच गोष्टी कळून परत येई. ही पद्धत फार सदोष होती. एक तर ऐन हंगामात दोन हात कमी पडत. आणि दुसरे म्हणजे परत आलेला माणूस प्रश्न विचारी.

नोकरदार प्रौढांच्या गरजा ध्यानात घेऊन आता मिश्र दूरशिक्षण आले आहे. मिश्र म्हणजे काही भाग पडद्यावर आणि काही भाग समोरासमोर. दूर म्हणजे शिक्षक ओस्लोत. शिक्षण म्हणजे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातले 'पुढे' हे बटण. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांपैकी चौऱ्याण्णव टक्के लोकांना पूर्वीपेक्षा सुरक्षित वाटते, असे अभ्यासक्रम विकणाऱ्या कंपनीच्या पाहणीत आढळून आले आहे. (उरलेल्या सहा टक्क्यांना एकाच हाताने टाइप करावे लागत असल्याने त्यांची उत्तरे मुदतीत पोचली नाहीत.)

पडद्यावर शिकवायला ट्रिग्वे होता. ट्रिग्वे हा व्यंगचित्रातला कॉड मासा. डोक्याला पिवळे हेल्मेट, अंगात चमकते जॅकेट, आणि एका परावरच्या हातमोज्यातून तो सारखा अंगठा उंचावून दाखवी. दिवसभर हजारो कॉड माशांची डोकी उडवणाऱ्या लोकांना कॉड माशाकडूनच सुरक्षेचे धडे द्यावेत, ही कल्पना कोणाला सुचली हे कळत नाही. पण तीत एक प्रकारची क्षमाशीलता आहे, हे मान्य करावे लागेल.

"याचं डोकं अजून जाग्यावर आहे," वितेनिस पडद्यात डोकावून म्हणाला. "म्हणजे आमच्याकडे आलेला दिसत नाही."

वितेनिस लिथुएनियाचा. दर हंगामाला लोमवॉयला येई आणि डोकी कापायच्या यंत्रावर उभा राही. बारीक, लांब हातांचा, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. नॉर्वेजियन भाषा तो राग्नाकडूनच शिकला होता, त्यामुळे त्याला शिव्या अस्खलित येत आणि हवामान जेमतेम.

अभ्यास कामाच्या वेळात करायचा असा नियम आहे आणि कारखान्याने तो काटेकोर पाळला. फक्त मासळी वाहणारा पट्टा थांबवता येत नसल्याने कामाच्या वेळातल्या सुट्टीत करायचा असे ठरले. त्यासाठी पुठ्ठ्यांच्या कोठाराला 'अध्ययन-कक्ष' अशी पाटी लावण्यात आली. तिसरा पाठ 'विश्रांतीचे महत्त्व' हा होता. तो राग्नाने सलग चार जेवणाच्या सुट्ट्या बुडवून पुरा केला. चौथा बसण्याच्या योग्य पद्धतीविषयी होता. तो तिने उभ्याने केला, कारण कक्षातली खुर्ची तोवर ऑफिसने परत नेली होती. पाचवा पाठ कानांच्या संरक्षणाचा. भिंतीपलीकडे बर्फाचे यंत्र धडधडत होते आणि ट्रिग्वेचे बोलणे ऐकू येईना. शेवटी तिने कानांवरची संरक्षक टोपणे काढून बाजूला ठेवली, तेव्हा कुठे ती का काढू नयेत हे तिला नीट कळले.

प्रत्येक पाठाच्या शेवटी परीक्षा असे. 'सहकाऱ्याचे कपडे यंत्रात ओढले जात असल्याचे दिसल्यास तुम्ही प्रथम काय कराल?' या प्रश्नाला राग्नाने 'यंत्र बंद करीन' असे उत्तर दिले. पडद्यावर लाल फुली आली. ट्रिग्वेने दोन्ही पर कमरेवर ठेवले आणि बरोबर उत्तर सांगितले: 'परिस्थितीचे आकलन करून घेईन.'

"आकलन होईस्तोवर बाहीतला माणूस कुठं असतो?" तिने पडद्याला विचारले.

पडद्याने 'पुन्हा प्रयत्न करा' असे म्हटले.

समोरासमोरचा भाग शहरातल्या हॉटेलात, एका दिवसाचा होता. राग्नाने त्यासाठी केस कापून घेतले, लोकरीचा निळा स्वेटर काढून ठेवला, हॉटेलात सकाळी काय काय खायला असते याची बहिणीकडून खडान्खडा माहिती काढली. त्या दिवशी वादळ झाले आणि बोट सुटली नाही. दूरशिक्षणाचा फायदा असा की अशा वेळी काहीही अडत नाही. समोरासमोरचा भाग ताबडतोब पडद्यावर हलवण्यात आला. राग्ना निळा स्वेटर घालून स्वयंपाकघरात बसली. तिच्या गटात एका बालवाडीची बाई आणि एक स्मशानभूमीचा रखवालदार होता. (त्याच्या ठिकाणी अपघाताचे प्रमाण अत्यल्प असल्याचे त्याने अभिमानाने सांगितले.) गटाने मिळून कच्च्या स्पॅगेटीचा मनोरा उभा करायचा होता, म्हणजे परस्परविश्वास वाढतो. तिघे तीन गावांत असल्याने प्रत्येकाने आपापल्या घरी आपापला मनोरा उभा करावा व मग सहकार्याच्या अनुभवावर चर्चा करावी, अशी सूचना आली. राग्नाचा मनोरा तिच्या नवऱ्याने, आयलर्टने, चर्चेच्या दरम्यान उकळत्या पाण्यात टाकला.

"मला काय माहीत ते शिक्षण होतं?" आयलर्ट म्हणाला. "मला वाटलं जेवण."

इथपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. राग्नाला शिक्षणाचा काही त्रास नव्हता आणि शिक्षणाला राग्नाचा नव्हता. बिघडले ते सहाव्या पाठात.

सहावा पाठ यंत्रांच्या झाकणांविषयी होता. डोकी कापायच्या यंत्राला पुढून एक झाकण असते. ते उघडले की एक खटका सुटतो आणि पाती जागच्या जागी थांबतात. पण ऐन हंगामात मासा मोठा येतो, आडवा होतो, अडकतो. झाकण उघडायचे, यंत्र थांबणार, मासा सरळ करायचा, झाकण लावायचे, यंत्र सुरू. यात वेळ जातो. म्हणून कोणीतरी तो खटका खोकी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून टाकला होता. आता झाकण उघडले तरी पाती फिरत राहत आणि वितेनिस फिरत्या पात्यांशेजारून हात घालून मासा सरळ करी. पट्टी कोणी बांधली, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणालाही माहीत नव्हते. स्टाइनार दिवसातून कितीदा तरी त्या यंत्रावरून जाई, आणि त्या बाजूला न पाहण्यात त्याने असे प्रावीण्य मिळवले होते की त्याची मान कायमची थोडी डावीकडे वळली होती. राग्नाही रोज तिथूनच जाई. तिची मान शाबूत होती. ती सरळ पट्टीकडे पाही आणि दुसऱ्या कशाचा तरी विचार करी.

ट्रिग्वेने पडद्यावर हुबेहूब तसलेच यंत्र दाखवले, तशीच पट्टीही दाखवली. मग गंभीर होऊन म्हणाला, "तुमच्या कामाच्या ठिकाणी असे काही आहे का? क्षणभर विचार करा." आणि विचार करण्यासाठी पडद्यावर एक वाळूचे घड्याळ आले. वाळू संपेपर्यंत 'पुढे' हे बटण दबत नव्हते.

हा अभ्यासक्रमातला एक गंभीर दोष होता. सबंध चाळीस तासांत शिकणाऱ्याला विचार करायला भाग पाडणारी ही एकच जागा होती, आणि राग्ना नेमकी तीत सापडली.

ती स्टाइनारकडे गेली.

"ती पट्टी काढ."

"कुठली पट्टी?" म्हणताना त्याची मान डावीकडे गेली.

"स्टाइनार, सोंग नको. त्या पोराचा हात जाईल."

"पोरगा कसला, चाळिशीला आलाय तो. आणि आजवर गेलाय का?"

"एकदाच जातो रे हात. सवय लावून जात नाही."

स्टाइनारने टेबलावरचा फोन उलटा ठेवला. तो दर मिनिटाला थरथरत होता. धक्क्याला लागू पाहणाऱ्या प्रत्येक बोटीला आपला मासा आधी घ्यावा असे वाटत होते, आणि ओस्लोतल्या मालकांना सगळ्यांचाच आधी घ्यावा असे वाटत होते. त्याच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. "राग्ना," तो म्हणाला, "कितवा पाठ झालाय तुझा?"

"सहावा."

"काम थांबवायचा अधिकार नवव्यात आहे. मी बघून ठेवलंय. क्रमानं जा ना बाई, मधेच उड्या कशाला मारतेस?"

राग्नाने ओस्लोला फोन लावला. तिथे बिर्क नावाचा विद्यार्थी-साहाय्यक होता. त्याच्या आवाजात नुकतीच दाढी केल्यासारखा गुळगुळीतपणा होता. त्याने तिचे म्हणणे अत्यंत आपुलकीने ऐकले.

"अधिकार तुम्हाला कायद्यानं निवडून आल्या दिवसापासूनच आहे," तो म्हणाला. "फक्त आमच्या प्रणालीत तो अजून कुलूपबंद दिसतोय."

"मग आता मी काय करू?"

"चर्चा-फलकावर लिहा ना! तिथं फार छान समाज तयार झालाय."

तिने लिहिले. संध्याकाळपर्यंत तिला तीन अंगठे आले. एक बालवाडीच्या बाईचा, एक स्मशानाच्या रखवालदाराचा, आणि एक ट्रिग्वेचा, जो सर्वांनाच आपोआप मिळतो.

सातवा पाठ तिने झपाट्याने उरकला. आठवा उघडेना, कारखान्यातले इंटरनेट खारट वाऱ्याने आजारी पडले होते. ती रोज पट्टीकडे पाही, आणि आता तिला दुसऱ्या कशाचा विचार करता येत नव्हता. रात्री तिने आयलर्टला सांगितले, तर तो म्हणाला, "तू प्रतिनिधी आहेस की पोलीस?" ती म्हणाली, "तेच अजून शिकवलं नाही."

मग तो दिवस उजाडला. बाहेर तीन बोटी लागलेल्या, मासा गुडघ्याएवढा मोठा, पट्टा नेहमीपेक्षा जोरात. राग्ना रिकामी खोकी आणायला यंत्राच्या बाजूने चालली होती. वितेनिसने झाकण उघडले आणि आडवा मासा सरळ करायला आत हात घातला. माशाच्या कल्ल्यात त्याच्या हातमोज्याचे टोक अडकले. मासा पुढे गेला. मोजा माशामागे गेला. हात मोज्यात होता.

तो ओरडला नाही. त्याने फक्त राग्नाकडे पाहिले. असे, की जणू तिने त्याला या प्रसंगासाठीचा शब्द शिकवायचा राहून गेला होता.

परिस्थितीचे आकलन न करून घेता राग्नाने खोकी टाकली आणि खांबावरचे लाल बटण तळहाताने हाणले.

सगळे थांबले. पाती, पट्टा, बर्फाचे यंत्र, पाण्याचे फवारे. हंगाम सुरू झाल्यापासून प्रथमच कारखान्यात बाहेरचे समुद्रपक्षी ऐकू आले. वितेनिसने हात ओढून काढला. मोजा आतच राहिला, तो पात्यापर्यंत पोचला होता आणि त्याची दोन बोटे तिथे नव्हती. वितेनिस आपली बोटे आपल्या भाषेत मोजू लागला. पाचवर आला, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग तो ओल्या जमिनीवर तसाच बसला आणि म्हणाला, "नवा होता. आजच काढला होता."

"गप्प बस," राग्ना म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. हात बर्फासारखा गार होता आणि माशाचा वास मारत होता, आणि तिला वाटले, आपण आयुष्यात इतकी चांगली वस्तू हातात धरलेली नाही.

स्टाइनार धावत आला. "कोणी थांबवलं?"

"मी."

"काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग सुरू कर! बाहेर तीन बोटी उभ्या आहेत!"

"राहू देत उभ्या," राग्ना बसल्या जागेवरून म्हणाली, आणि त्या शांततेत तिचा आवाज धक्क्यापर्यंत गेला. "आधी पट्टी काप."

सगळे कामगार आपापल्या जागी उभे होते. कोणी कामाला हात लावला नाही. स्टाइनारने मोजा पाहिला. मान, जी इतके दिवस डावीकडे होती, ती सावकाश समोर आली. त्याने शेजारच्या टेबलावरची सुरी उचलली आणि स्वतः पट्टी कापायला गेला. पट्टी ओली होती. सुरी घसरली आणि त्याच्या अंगठ्यात रुतली.

चार टाके पडले. त्या हंगामात लोमवॉयच्या कारखान्यात नोंदला गेलेला हा एकमेव अपघात होय.

चौकशी रीतसर झाली, अर्थात पडद्यावरून. समितीपुढे आकडे स्पष्ट होते. खटका बांधलेला असताना झालेले अपघात: शून्य. खटका मोकळा करताना झालेले अपघात: एक. यावरून काढायचा तो निष्कर्ष समितीने काढला आणि पट्टी कापण्याची सुरक्षित पद्धत या विषयावर एक जादा पाठ तयार करण्याची शिफारस केली. वितेनिसच्या मोज्याची नोंद करायचा राग्नाने पुष्कळ प्रयत्न केला. 'थोडक्यात टळलेली घटना' असा एक रकाना होता, पण त्यात इजा झालेला अवयव लिहिल्याशिवाय प्रणाली पुढे जात नव्हती.

"इजा झालीच नाही," राग्ना म्हणाली.

"मग आम्ही नेमकं काय नोंदवायचं?" समितीच्या अध्यक्षबाईंनी सौजन्याने विचारले. "काही झालेलं दिसत नाही, ताई."

"न दिसण्यासाठीच तर मी बटण दाबलं!"

अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

पट्टी मात्र पुन्हा बांधली गेली नाही. शिफारशीमुळे नव्हे. टाके काढून आल्यावर स्टाइनारने वितेनिसच्या जोडीला एक माणूस दिला आणि पट्ट्याचा वेग उतरवला. बोटींना थोडे थांबावे लागले, मालकांचे दोन कडक फोन आले, ते त्याने दुखऱ्या अंगठ्याने कापले. राग्नाने नववा पाठ पुरा केला; काम थांबवताना कोणाकोणाला आधी कळवावे याची त्यात उत्तम माहिती आहे. प्रमाणपत्र ट्रिग्वेच्या सहीने आले. वसंतात वितेनिस दहाही बोटांनिशी घरी गेला आणि जाताना त्या बोटांनी त्याने राग्नाच्या पाठीवर असा दणका दिला की तिची कंबर दोन दिवस नव्याने दुखली.

अंतिम अहवालात समितीने हे प्रकरण 'दखल घेण्याजोगे नाही' असे म्हणून मिटवले आहे. कोणाचा हात गेला असता तर गोष्ट वेगळी होती, असेही त्यात नमूद आहे.

ज्या वाचकांना झाकणाची हकीकत वाचताच हात जाणार याची खात्री पटली होती, आणि तो न गेल्यामुळे, इतके वाचून शेवटी काही घडलेच नाही असे किंचित वाटून गेले असेल, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. समितीत सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. पूर्वानुभवाची अट नाही, आणि प्रशिक्षण तर आपले आताच पुरे झाले आहे.